वृद्धांची देखभाल : काम मावशींचं, कारभार साहेबांचा



एरवी मी इथे बीपी, शुगर, थायरॉइड, गुडघेदुखी यांच्याबद्दल लिहितो. आजचा विषय थोडा वेगळा वाटेल. पण लेख संपेपर्यंत हा आरोग्याचाच विषय आहे हे तुम्हाला पटेल अशी आशा आहे. नाही पटलं तर भांडायला या, कारण आज मीही जरा भांडणाच्याच सुरात लिहिणार आहे.

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) बाहेर नागपूरचं ऊन, ओपीडीत कूलरचा आवाज. चाळिशीतली एक बाई कंबर धरून आत आली. एका ब्यूरोमार्फत ती पेशंट सांभाळायचं काम करते. रात्री आठ ते सकाळी आठ. पेशंट लकवा झालेले ७८ वर्षांचे आजोबा, वजन ८० किलोच्या पुढे. त्यांना कुशीवर वळवायचं, बेडवरून कमोडवर न्यायचं, परत आणायचं, सगळं एकटीनं. कंबरेतून डाव्या पायात कळ जात होती. पाय सरळ वर उचलला की ओरडत होती. मणक्यातली गादी सरकली असण्याची शक्यता दिसत होती.

मी विचारलं, "घरात कुणी मदतीला नाही का?"

"आहेत नं साहेब. पोरगा आहे, नातू आहे. पन त्यायले कसं सांगाव? ते म्हनतात, मावशी, तुमाले सवय आहे."

मी तीन आठवडे वजन न उचलण्याचा सल्ला लिहिला. ती हसली. "सुट्टी घेतली तं ब्यूरोवाला दुसरी बाई पाठवते. मंग मले कोन ठेवन?"

त्या चिठ्ठीवर मी औषध लिहिलं, व्यायाम लिहिले. पण आजाराचं खरं कारण लिहायला त्या कागदावर जागाच नव्हती. ते आज इथे लिहितो.

'सवय' नावाचं निदान वैद्यकशास्त्रात नाही

आधी शरीराचं गणित समजून घेऊ. माणूस हे उचलायला सगळ्यात अवघड ओझं आहे. गव्हाच्या पोत्याला पकड असते आणि पोतं मध्येच घाबरून हात घट्ट धरत नाही. पेशंट धरतो, घसरतो, एका बाजूला झुकतो. म्हणूनच अमेरिकेतल्या व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेच्या हिशेबाने, पेशंट हाताळताना एका व्यक्तीने हातांनी उचलायच्या वजनाची सुरक्षित मर्यादा सुमारे १६ किलो धरली जाते. त्यापुढे साधन हवं किंवा दुसरा माणूस हवा. आपले आजोबा ८० किलोचे. म्हणजे मर्यादेच्या पाचपट, तेही रात्री तीन वाजता, अपुऱ्या उजेडात, ओल्या फरशीवर.

सवयीने मणक्याची गादी मजबूत होत नाही. उलट ती रोज थोडी थोडी झिजते आणि एक दिवस सरकते. "तुम्हाला सवय आहे" हे वाक्य म्हणजे वैद्यकीय भाषेत "तुमची झीज आधीच सुरू झालेली आहे" असंच आहे.

यात पेशंटचंही नुकसान आहे. एकटी बाई दमली की ती पेशंटला काखेत हात घालून ओढते. लकव्याच्या पेशंटचा खांदा आधीच सैल झालेला असतो. काखेतून ओढल्यावर तो निखळतो आणि पुढे महिनोन्महिने दुखतो. कुशी बदलायचं राहिलं की माकडहाडावर आधी लालसर डाग येतो, मग कातडी फाटते, मग जखम हाडापर्यंत जाते. या जखमेचं बिल भरताना नातेवाईक मला विचारतात, "मावशीने लक्ष दिलं नाही का?" त्यांनी मावशीकडे लक्ष दिलं होतं का, हे मला विचारावंसं वाटतं.

आता वृद्धाश्रमाकडे वळू. समजा रात्री १२ अंथरुणाला खिळलेल्या व्यक्तींमागे एक मावशी आहे. दर दोन तासांनी कूस बदलायची, म्हणजे १२ तासांत प्रत्येकी ६ वेळा. एकूण ७२ वेळा. एका वेळेला फक्त ५ मिनिटं धरली तरी ३६० मिनिटं झाली. सहा तास नुसतं कूस बदलण्यात. त्यात डायपर, पाणी, उठून चालू लागलेल्या आजी, कुणाचा खोकला, कुणाची रडारड. हे अशक्य आहे, हे पाचवीतला मुलगाही हिशेब करून सांगेल. तरी ड्युटीचा तक्ता तसाच लागतो, कारण तो लावणाऱ्याने आयुष्यात कधी कुणाची कूस बदललेली नसते.

मावशी आणि मामा : माझ्याच घरातला हिशेब

दुसऱ्यांवर बोट दाखवण्याआधी स्वतःचं सांगतो.

माझं १५ खाटांचं छोटं नर्सिंग होम आहे. दवाखान्यांत आपण सगळे नात्यानं हाका मारतो. बायका 'मावशी', पुरुष 'मामा'. मला यात फार आपुलकी वाटायची. काही वर्षांपूर्वी एकदा हिशेबनीस रजेवर होता म्हणून पगाराचा कागद मी स्वतः पाहिला. एकाच पाळीत, सारख्याच वर्षांचा अनुभव असलेले मामा मावशींपेक्षा महिन्याला १,२०० रुपये जास्त घेत होते. मी विचारलं, का? उत्तर मिळालं, "सर, मामा ऑक्सिजनचं सिलिंडर उचलतात."

मी दुसऱ्या दिवशी सिलिंडर कसं हलतं ते पाहिलं. ते चाकांच्या ट्रॉलीवरून हलतं. पेशंट मात्र मावशींच्या हातांवरून हलत होते. म्हणजे लोखंडाला चाकं होती, माणसासाठी बाईची कंबर होती, आणि जास्त पैसे लोखंडाला मिळत होते. हा तक्ता मी बनवला नव्हता, पण त्यावर अकरा वर्षं माझीच सही होती.

मी पगार सारखे केले. हिशेबनीस नाराज झाला, दोन मामा काही दिवस घुश्शात होते. कुणी सोडून गेलं नाही आणि नर्सिंग होमही बंद पडलं नाही. हे मी शाबासकीसाठी सांगत नाही. पंचवीस वर्षं प्रॅक्टिस केलेला, स्वतःला पुरोगामी समजणारा डॉक्टर जर अकरा वर्षं हे पाहू शकला नाही, तर तुमच्या संस्थेत ते नसेलच असं समजू नका.

आणि हा केवळ चांगुलपणाचा प्रश्न नाही. सारख्या कामाला सारखं वेतन हे आपल्याकडे १९७६ च्या समान वेतन कायद्यापासून बंधनकारक आहे. पुढे २०१९ च्या वेतन संहितेतही तेच तत्त्व आलं. त्यामुळे 'मामा जड कामं करतात' हे कारण सांगायचं असेल तर आधी कुणी किती किलो उचललं याची वही दाखवा.

काम हलकं नाही, ते हलकं ठरवलेलं आहे

यावर काही संस्थाचालक सांगतात, "आमच्याकडे भेदभाव नाहीच. सगळ्या बायकाच आहेत. मग कुणाशी तुलना करणार?"

हाच युक्तिवाद न्यूझीलंडमध्ये झाला होता. तिथे क्रिस्टीन बार्टलेट नावाच्या वृद्धाश्रमातल्या काळजीवाहू बाईंनी २०१२ मध्ये दावा लावला. वीस वर्षं काम करूनही त्यांना तासाला साडेचौदा डॉलरच्या आसपास मिळत होते. मालकाचं म्हणणं असं की आमच्याकडचे थोडेफार पुरुषही तेवढ्याच पैशात काम करतात, मग अन्याय कसला? बार्टलेट यांचं म्हणणं असं की या कामाचा दरच कमी आहे, कारण हे बायकांचं काम मानलं गेलं आहे. हेच कौशल्य, हीच जबाबदारी, हेच कष्ट पुरुषांच्या धंद्यात असते तर काय दर असता, ते बघा. २०१४ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने अशी तुलना करता येते हे मान्य केलं. २०१७ मध्ये सरकारने सुमारे ५५,००० काळजीवाहू कर्मचाऱ्यांसाठी पाच वर्षांत २०० कोटी डॉलरची वेतनवाढ कबूल केली. गोष्ट तिथेच गोड झाली असंही नाही. २०२५ मध्ये तिथल्या सरकारने असे दावे लावणं पुन्हा अवघड करून टाकलं. मिळवलेलं टिकवावंही लागतं, एवढा धडा त्यातून घ्या.

पण मूळ प्रश्न नागपूरलाही तितकाच लागू आहे. तुमच्या घरी एसी दुरुस्त करायला येणारा मुलगा तासाभराचे किती घेतो? आणि तुमच्या आईच्या नाकातल्या नळीतून अन्न देणारी, लघवीची पिशवी रिकामी करून मोजणारी, रात्री श्वास बदलला तर ओळखणारी बाई बारा तासांचे किती घेते? ब्यूरोचं कमिशन कापून तिच्या हातात किती पडतात, हे तुम्ही तिला कधी विचारलं आहे का? आज रात्री विचारा.

एसीवाल्याच्या कामाला आपण 'टेक्निकल' म्हणतो. मावशीच्या कामाला 'सेवा' म्हणतो. सेवा हा शब्द आपल्या भाषेत फार पवित्र आहे, आणि त्या पवित्रतेचा फायदा आपण बिनदिक्कत घेतो. देवाच्या नावाने ढोल वाजवणाऱ्यालाही आपण मानधन देतो. मग माणसाची सेवा फुकटाच्या भावात का?

याचं मूळ आपल्या घरात आहे. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात, घरकामात भाग घेणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात आणि पुरुष ९७ मिनिटं, असं दिसलं. घरच्यांची काळजी घेण्यात भाग घेणाऱ्यांत स्त्रियांची १३४ मिनिटं, पुरुषांची ७६. आणि मुळात त्यात भाग घेणाऱ्या पुरुषांचं प्रमाण स्त्रियांच्या जवळपास निम्मं. जे काम घरात सून बिनपगारी करते, त्या कामाला बाजारात भाव कसा मिळणार? सुनेला फुकट, म्हणून मावशीला स्वस्त. एवढं सोपं आहे.

साहेबांची खुर्ची

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये एक अहवाल काढला होता. जगभर आरोग्य आणि समाजसेवेच्या क्षेत्रात काम करणाऱ्यांत सुमारे ७० टक्के स्त्रिया आहेत, पण वरिष्ठ पदांवर त्या २५ टक्के आहेत. पलंगाजवळ बाई, टेबलामागे पुरुष.

आपल्याकडचं चित्र ओळखीचं आहे. वॉर्डबॉय म्हणून लागलेला मुलगा तीन-चार वर्षांत 'सुपरवायझर' होतो, कारण तो गाडी चालवतो, बँकेत जातो, रात्री थांबतो, साहेबांशी बोलतो. मावशी पंधरा वर्षांनीही मावशीच. तिला बढतीचा रस्ताच नाही, कारण तिच्या कामाला पायऱ्याच नाहीत. विश्वस्त मंडळाची बैठक होते, तीत दानाचा, बांधकामाचा, उद्घाटनाचा विषय होतो. रात्री किती जण पडले, किती जणांना जखमा झाल्या, हा विषय मांडायला त्या खोलीत कुणी नसतं. ज्यांना माहीत असतं त्या बाहेर चहा आणत असतात.

हेही माझ्याकडे झालंच होतं. आमच्या मोठ्या सिस्टर एकोणीस वर्षं काम करत होत्या आणि सोमवारच्या बैठकीत त्यांना कधी खुर्ची नव्हती. ज्या सोमवारी त्या बसल्या, त्या दिवशी त्यांनी एकच गोष्ट सांगितली. "सर, पाळी बदलताना आम्हाला दहा मिनिटं द्या. सकाळची बाई बस चुकू नये म्हणून पळते, रात्रीचं काय झालं ते सांगायचं राहतं, आणि मग इन्सुलिन दोनदा दिलं जाण्याची भीती असते." आम्ही पाळ्या पंधरा मिनिटं एकमेकींवर चढवल्या आणि त्या पंधरा मिनिटांचे पैसे दिले. कुठलंही नवं मशीन न घेता पेशंटची सुरक्षितता वाढली. ही अक्कल एकोणीस वर्षं आमच्याच वॉर्डात होती, आम्ही तिला खुर्ची दिली नव्हती.

आणि बायकांना कारभार जमत नाही असं नागपुरात तरी कुणी म्हणू नये. याच शहरात १९२१ साली कमलाताई होस्पेट आणि वेणूताई नेने यांनी मातृ सेवा संघ सुरू केला. कमलाताई बालविधवा. नर्सचं शिक्षण घेतलेल्या. ज्या काळात विधवेने कोपऱ्यात बसायचं, त्या काळात त्यांनी प्रसूतिगृह काढलं, नर्सेस तयार केल्या, शाखा वाढवल्या. पुढे त्याच संस्थेतून समाजकार्याचं शिक्षण देणारं महाविद्यालय उभं राहिलं, वृद्धांसाठीचं काम उभं राहिलं. १९६१ मध्ये कमलाताईंना पद्मश्री मिळाली. पेशंटला हात लावलेल्या बाईच्या हातात कारभार आला की काय होतं, याचं उत्तर आपल्या शहराने शंभर वर्षांपूर्वीच दिलं आहे. आपण ते विसरलो, आणि आज 'मॅनेजमेंट' म्हणजे कडक इस्त्रीचा शर्ट असं समजतो.

ज्याबद्दल कुणी बोलत नाही

आता अवघड भाग. वृद्धांची काळजी घेणाऱ्या बायकांची छेडछाड होते. पेशंटकडून, पेशंटच्या मुलाकडून, ड्रायव्हरकडून, सुपरवायझरकडून. त्या मला सांगतात तेव्हा दाराकडे बघत, आवाज खाली करून सांगतात.

पेशंटकडून होतं तेव्हा डॉक्टर म्हणून मला एक समजावून सांगायला हवं. मेंदूचा पुढचा भाग झिजला, तिथे लकवा झाला किंवा डिमेन्शिया वाढला तर माणसाचा संकोच सुटतो. आयुष्यभर सज्जन असलेले गृहस्थ अश्लील बोलू लागतात, हात लावतात. पार्किन्सनच्या काही औषधांनीही लैंगिक वागणं वाढतं. लघवीतल्या जंतुसंसर्गाने अचानक भ्रम होतो, त्यातही असं घडतं. त्यामुळे अशी तक्रार आली की डॉक्टरला कळवा, औषधांची यादी दाखवा, तपासणी करा. बऱ्याचदा उपाय निघतो. पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, सगळंच आजारातून येत नाही. काहींना आजार नसतो, फक्त खात्री असते की ही कुणाला सांगणार नाही. दोन, आजाराने पेशंटचा दोष कमी होतो, बाईचा त्रास कमी होत नाही. "त्यांना समजत नाही हो, तुम्ही दुर्लक्ष करा" हा उपचार नाही. अंघोळीला पुरुष मदतनीस ठेवा, दोघांना मिळून काम द्या, वेळ बदला. आणि तक्रार केली म्हणून तिलाच काढून टाकू नका. कारण बहुतेक घरांत नेमकं हेच होतं.

केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग तुम्हाला आठवत असतील. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी त्या तळघरात कपडे बदलत असताना त्याच रुग्णालयातल्या एका पुरुष कर्मचाऱ्याने त्यांच्यावर हल्ला केला, गळा आवळला. मेंदूचा रक्तपुरवठा तुटला. १८ मे २०१५ ला मृत्यू येईपर्यंत त्या जवळपास ४२ वर्षं त्याच रुग्णालयात पडून होत्या. हल्लेखोराला जबरी चोरी आणि खुनाच्या प्रयत्नासाठी सात वर्षांची शिक्षा झाली, बलात्काराचा गुन्हा लागलाच नाही. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या प्रकरणात इच्छामरणावर निकाल दिला, म्हणून आपल्याला त्यांचं नाव 'इच्छामरणाची केस' म्हणून माहीत आहे. मी त्यांना दोन वेगळ्या कारणांसाठी आठवतो.

पहिलं, इतकी वर्षं अंथरुणाला खिळूनही त्यांना बेडसोअर होऊ दिले नाहीत, ते केईएमच्या परिचारिकांनी. पिढ्या बदलल्या, सिस्टर निवृत्त झाल्या, नव्या आल्या, त्यांनीही केलं. उत्तम शुश्रूषा हे कौशल्य आहे, याचा याहून मोठा पुरावा मला माहीत नाही.

दुसरं, मुळात कामावरच्या बाईला कपडे बदलायला तळघरात का जावं लागलं? आज, पन्नास वर्षांनी, तुमच्या घरी रात्रपाळीला येणाऱ्या बाईला साडी बदलायला आतून कडी लागणारी खोली आहे का? तुमच्या वृद्धाश्रमात आहे का? तिने वापरायचं संडास कोणतं, हे तुम्ही पहिल्या दिवशी सांगता का, की ती बारा तास पाणीच पीत नाही? माझ्याकडे वारंवार लघवीच्या संसर्गाने येणाऱ्या मावशींपैकी बऱ्याच जणींचं कारण हेच असतं.

कायदा स्पष्ट आहे. २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती हवी. तिची अध्यक्ष स्त्री, निम्म्या तरी सदस्य स्त्रिया, एक सदस्य बाहेरची. समिती न नेमल्यास ५०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. रुग्णालय, नर्सिंग होम तर त्यात येतंच, पण राहतं घरसुद्धा 'कामाचं ठिकाण' म्हणून त्यात आहे. दहापेक्षा कमी माणसं असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. तक्रार साधारणपणे तीन महिन्यांच्या आत करायची असते. हा लेख वाचणाऱ्या मावशी असतील तर त्यांच्यासाठी : महिला हेल्पलाइन १८१, तातडीची मदत ११२.

मग पुरुष कुठे आहेत?

काही जण म्हणतील, डॉक्टर, सगळं खापर पुरुषांवर. तसं नाही. या कामात पुरुष कमी आहेत यात पुरुषांचंही नुकसान आहे. चांगल्या 'ब्रदर'ना मी ओळखतो. हळुवार हाताचे, शांत स्वभावाचे. त्यांना घरी लग्नासाठी स्थळं येत नाहीत, कारण "मुलगा डायपर बदलतो." आणि कुटुंबं ब्यूरोला सांगतात, "बाईच पाठवा, पुरुषाचा भरवसा नाही." आजींना स्वतःच्या अंगाला पुरुषाचा हात नको असेल तर तो त्यांचा हक्क आहे, तो जपलाच पाहिजे. पण मग आजोबांनाही विचारा. तरुण बाईने अंघोळ घालण्याचा संकोच कितीतरी आजोबांना होतो, बिचारे बोलत नाहीत.

आणि पगारी पुरुषांचं सोडा. घरातले पुरुष? मी राउंडला विचारतो, "आईंना शेवटची संडास कधी झाली?" मुलगा बायकोकडे बघतो, बायको मावशीकडे. मुलाला डिपॉझिटची रक्कम पैशापर्यंत पाठ असते. वाचकहो, बिल भरणं ही काळजी घेण्याची सुरुवात आहे, शेवट नव्हे.

"पण डॉक्टर, परवडत नाही"

हा आक्षेप मी हलक्यात घेत नाही. पेन्शनवर जगणारं जोडपं, एकुलती एक कमावती मुलगी, त्यांना बारा-बारा तासांच्या दोन बायका खरोखर परवडत नाहीत. पण या लेखातल्या निम्म्या गोष्टींना पैसे लागत नाहीत. रात्री एकदा मुलाने उठून आजोबांना वळवायला हात लावणं फुकट आहे. खोलीची कडी दीडशे रुपयांत येते. बैठकीत एक खुर्ची जास्त टाकायला काही लागत नाही.

आणि जिथे पैसे लागतात तिथे हिशेब पूर्ण करा. माकडहाडावरची खोल जखम, खुब्याचं फ्रॅक्चर, दर दोन महिन्यांनी बदलणारी बाई आणि प्रत्येक बदलात चुकणारी औषधं, याचाही खर्च आहे. तो तुम्ही भरताच, फक्त वेगळ्या पावतीवर.

२०११ च्या जनगणनेत देशात साठीपुढचे १० कोटींहून अधिक लोक होते, आणि महाराष्ट्रात दर दहांमागे जवळपास एक. आता ते त्याहून वाढले आहेत. मीही काही वर्षांत त्यांच्यात जाईन. हे काम आपण इतकं स्वस्त आणि अपमानास्पद ठेवलं तर ते करायला उद्या कुणी येणार नाही.

काय करायचं? घरच्यांसाठी

१. पेशंट ५० किलोचा असो वा ८०, उचलताना दोन माणसं. दुसरा माणूस घरातला पुरुष असेल तर उत्तम.

२. काखेतून ओढू नका. पाठीखाली घडी घातलेली चादर ठेवा आणि दोन्हीकडून चादर धरून सरकवा. कमरेला धरायचा पट्टा मिळतो, तो घ्या.

३. पलंगाची उंची काळजी घेणाऱ्याच्या कमरेएवढी करा. वाकून काम केलं की कंबर जाते. फक्त पेशंट स्वतः उतरत असेल तर कठडा लावा किंवा उतरताना पलंग खाली घ्या.

४. पहिल्याच दिवशी सांगा : संडास हे, पाणी इथे, कपडे बदलायची खोली ही, जेवणाची वेळ ही. आठवड्याला एक पगारी सुट्टी.

५. सुई, रक्त, लघवी हाताळणाऱ्या प्रत्येकीला हातमोजे द्या आणि हिपॅटायटिस बीची लस द्या. तीन डोस असतात : आज, एक महिन्याने, सहा महिन्यांनी.

६. तिच्या हातात किती पडतात ते विचारा. ब्यूरोला कमिशनचा हिशेब मागा.

संस्थाचालकांसाठी

१. पगाराचा तक्ता स्वतः उघडा. नावं झाका, फक्त काम आणि अनुभव बघा. फरक दिसला तर तो याच महिन्यात मिटवा.

२. रात्रीच्या ड्युटीचा हिशेब मी वर केला तसा मिनिटांत करा.

३. अंतर्गत समिती नेमा, तिच्या सदस्यांची नावं आणि फोन नंबर भिंतीवर लावा, मराठीत आणि हिंदीत.

४. मावशींच्या कामाला पायऱ्या द्या : मदतनीस, प्रशिक्षित मदतनीस, पाळीप्रमुख. प्रत्येक पायरीला पगारात फरक.

५. दर महिन्याच्या बैठकीत पलंगाजवळ काम करणाऱ्या किमान दोघी हव्यात, आणि विषयपत्रिकेत पहिला विषय पडणं आणि बेडसोअर.

त्या बाईंचं काय झालं, असं तुम्ही विचाराल. मी त्या घरी फोन केला. मुलाशी बोललो. आधी तो रागावला, मग गप्प झाला. आठवड्याने सांगत आला की रात्री अकराला आणि पहाटे पाचला तो आणि त्याचा मुलगा आजोबांना वळवायला उठतात. आणि मग जे म्हणाला ते इथे लिहून थांबतो.

"डॉक्टर, बाबा इतके जड आहेत हे मला माहीतच नव्हतं."